पसंतीक्रम भरताना



जून महिना आला की आपल्या खानदेशात दोनच विषय निघतात. एक पावसाचा आणि दुसरा ॲडमिशनचा. एक जण विचारतो, ‘कपाशी लागली का?’ दुसरा विचारतो, ‘पोरीला नीटमध्ये किती पडले?’ पेरणी आणि ॲडमिशन या दोन्हींत एक साम्य आहे. वेळ थोडा असतो, सल्ले भरपूर मिळतात आणि जे पेरलं ते पुढं निस्तरायचं आपल्यालाच असतं.

मी साधा बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. डॉक्टरकीशी माझा संबंध आला तो पेशंट म्हणूनच. पण गेली काही वर्षं आमच्या मोहल्ल्यातली, आजूबाजूच्या गल्ल्यांतली मुलं-मुली वैद्यकीय प्रवेशाची माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे येतात. पुस्तिका जाडजूड, भाषा सरकारी इंग्रजी आणि ‘चाचांना इंग्रजी येतं’ अशी माझी ख्याती. त्यामुळं ती पुस्तिका मी इतक्या वेळा वाचली आहे, की तेवढा अभ्यास बी.ए.ला केला असता तर वर्ग मिळाला असता! या वाचनातून जे हाती लागलं, ते आज सांगणार आहे.

मुलं दोन वर्षं अभ्यास करतात आणि कोणत्या कॉलेजात जायचं याची यादी दोन तासांत भरतात. कधी सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्यानं, कधी शेजारच्या मुलानं मागच्या वर्षी भरली तशीच्या तशी. या यादीला ‘पसंतीक्रम’ म्हणतात. नावातच पसंती आहे, पण यादी भरताना तीच कुणी विचारत नाही. ‘कुठं मिळेल?’ एवढंच विचारतात. ‘कुठं जायचं आहे?’ हे राहूनच जातं.

आमच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता, कारण निवडायला काही नव्हतं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. नागपूरचं १९४७ चं, औरंगाबादचं १९५६ चं, मिरजेचं १९६२ चं. खानदेशाच्या चारही बाजूंना कॉलेजं होती आणि मधे आपण कोरडे! डॉक्टर व्हायचं म्हणजे वळकटी बांधून परमुलखात जायचं. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९८८ मध्ये. पाठोपाठ धुळ्यातच अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचं खासगी महाविद्यालय आलं. जळगावला डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय झालं. २०१८ मध्ये जळगावच्या जिल्हा रुग्णालयात शासकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी बसली आणि २०२० मध्ये नंदुरबारलाही शासकीय महाविद्यालय सुरू झालं. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नव्या शासकीय महाविद्यालयांची भर पडली. त्यांत आपले शेजारी नाशिक आणि बुलढाणाही आहेत.

आणखी एक बदल झाला. पूर्वी राज्याचे तीन भाग होते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. ज्या भागातलं कॉलेज, त्या भागातल्या मुलांना ७० टक्के जागा आणि बाकी ३० टक्के सगळ्या राज्याला. आपण उर्वरित महाराष्ट्रात मोडायचो. त्यामुळं बुलढाण्याच्या हद्दीपलीकडची कॉलेजं आपल्याला जवळ असून लांब होती. सप्टेंबर २०२० मध्ये शासनानं ही अट काढून टाकली. आता गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंतची सगळी यादी आपल्या मुलांसमोर उघडी आहे. यादी लांबली, तशी निवडही अवघड झाली.

आता प्रवेशाचे दरवाजे किती, ते पाहू. परीक्षा एकच, नीट. दरवाजे मात्र तीन.

पहिला दरवाजा राज्याचा. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या मुलांना मिळतात आणि त्या आपला राज्य सीईटी कक्ष भरतो. खासगी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागाही याच प्रक्रियेत येतात. बाकीच्या १५ टक्के संस्थात्मक आणि अनिवासी भारतीय कोट्याच्या. दुसरा दरवाजा अखिल भारतीय कोट्याचा. देशभरातल्या शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची समुपदेशन समिती भरते. एम्सचे प्रवेशही तिथूनच होतात. तिसरा दरवाजा अभिमत विद्यापीठांचा. त्यांचीही यादी दिल्लीच्याच समितीकडे भरायची, पण तिथं राज्याचं आरक्षण नाही आणि फी वर्षाला वीस लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. राज्याचा आणि दिल्लीचा अर्ज वेगवेगळा भरावा लागतो. दोन्ही भरता येतात, पण दोन्हीकडे जागा अडवून ठेवता येत नाही. कितव्या फेरीपर्यंत मोकळं बाहेर पडता येतं आणि कुठून पुढं अनामत रक्कम जाते, हे त्या-त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतं. ते पान आधी वाचावं.

या दरवाज्यांवर कागद तपासले जातात. खानदेशात तर हे फारच महत्त्वाचं. यावल, रावेर, चोपडा भागातले आमचे तडवी बांधव मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. मुसलमानांमधल्या कित्येक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. अनेकांना ते माहीत नसतं. माहीत असलं तरी जात वैधता प्रमाणपत्र निकालानंतर काढायला धावतात. अकरावीत अर्ज केला तर ते वेळेवर हातात पडतं. निकाल लागल्यावर केला तर गुण असूनही हक्काची जागा हातची जाते. नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवासाचा दाखला यांचंही तसंच.

आता मुख्य गोष्ट. पसंतीक्रम संगणक कसा वाचतो?

पुष्कळ पालकांना वाटतं, की ही लॉटरी आहे. वरचं नाव मोठ्या कॉलेजचं लिहिलं आणि ते हुकलं, तर खालच्या कॉलेजची संधीही गेली. म्हणून ते भीतीपोटी ‘मिळेल ते’ पहिल्या नंबरावर लिहितात. खरी पद्धत वेगळी आहे. संगणक मुलांना गुणवत्तेच्या क्रमानं उभं करतो. तुमची पाळी आली, की तुमची यादी वरून खाली वाचायला लागतो. पहिल्या कॉलेजात तुमच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे का? नाही. दुसऱ्यात? नाही. तिसऱ्यात? आहे. मग ती तुमची. वरची दोन नावं लिहिली म्हणून तिसऱ्या ठिकाणचा तुमचा हक्क कमी होत नाही. तुमच्या मागे उभ्या असलेल्या मुलानं तेच कॉलेज पहिलं लिहिलं असलं, तरी तो तुमच्या पुढं जात नाही.

उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीला मनापासून पुण्याचं बी. जे. हवं आहे, नंतर धुळं, नंतर जळगाव. तिचा क्रमांक धुळ्यात लागण्यासारखा आहे. तिनं पुणं पहिलं लिहिलं तरी पुणं हुकून तिला धुळं मिळेल. धुळं पहिलं लिहिलं तरीही धुळंच मिळेल. पण त्या वर्षी पुण्याची जागा तिच्यापर्यंत आली असती आणि तिनं भीतीनं धुळं वर लिहिलं असतं, तर पुणं कायमचं गेलं. पहिली पसंती मिळाली म्हटल्यावर वर सरकायला काही उरतच नाही. म्हणून यादी आशेनंही लिहू नये आणि भीतीनंही लिहू नये. आवडीच्या खऱ्या क्रमानं लिहावी.

याचीच दुसरी बाजू अशी, की जिथं जायचंच नाही त्या कॉलेजचं नाव लिहूच नये. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली, की आधीची जागा आपोआप रद्द होते. मग ‘पहिलंच बरं होतं’ म्हणून परत फिरता येत नाही. मिळालेलीच जागा पक्की करायची असेल, तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज वेळेत भरून द्यावा लागतो. तो भरला, की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर.

यादी कुठपर्यंत न्यायची याचा अंदाज बांधताना मागच्या वर्षाचे गुण पाहू नयेत, क्रमांक पाहावा. गुण किती फसवतात ते पाहा. २०२४ मध्ये सुधारित निकालातही १७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण पडले. खुल्या गटाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. २०२४ चे गुण समोर ठेवून २०२५ मध्ये कुणी यादी भरली असती, तर हातातलं कॉलेजही ‘आपल्याला कुठलं मिळायला’ म्हणून सोडून दिलं असतं. क्रमांक एवढा हलत नाही. जागा आणि रांग दोन्ही थोड्याफार तेवढ्याच राहतात. २०२४ मध्ये २३ लाखांवर मुलं परीक्षेला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे जागा न मिळणारेच जास्त. त्यात लाज कसली?

पण आवडीचा खरा क्रम ठरवायचा कसा? इथं संगणक मदत करत नाही.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझी भाची धुळ्याची. वडिलांचं शिलाईचं दुकान. २०२३ मध्ये तिचा क्रमांक असा आला, की घराजवळचं शासकीय कॉलेज हुकण्याची भीती होती. खासगीत जागा मिळू शकत होती, गोंदियासारख्या लांबच्या शासकीय कॉलेजातही मिळू शकत होती. यादीत आधी कुणाचं नाव लिहायचं, यावरून घरात तीन दिवस खल झाला. नानी म्हणाली, ‘पोरीला इतक्या लांब कसं धाडायचं?’ मेहुणे म्हणाले, ‘भाईजान, घर गहाण ठेवू, पण पोरगी डोळ्यांसमोर राहील.’ मी कागदावर हिशोब मांडला. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता. फी एका वर्षाची धरून चालत नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, परीक्षा शुल्क, सगळं त्यात आलं. बेरीज पाहून मेहुणे गप्प झाले. तेव्हा भाचीच बोलली. ‘अब्बा, घर विकून डॉक्टर झाले, तर पहिल्या पेशंटच्या खिशाकडेच बघावं लागेल मला.’

यादीत गोंदिया वर गेलं आणि दुसऱ्या फेरीत तेच मिळालं. नानीला मी एक गोष्ट दाखवली. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या जळगाववरून जाते. या एका गाडीच्या वाटेवर गोंदिया, नागपूर, अकोला, जळगाव, पुणं, सातारा, मिरज आणि कोल्हापूर एवढ्या गावांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा गाडी किती वेळा बदलावी लागते यात मोजलं, तर लांबची गावं जवळ येतात.

पण एका घराचा हिशोब दुसऱ्या घराला लागू पडेलच असं नाही आणि एका वर्षाचा दुसऱ्या वर्षालाही नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांतून पूर्ण सुटका झाली. त्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली खासगी महाविद्यालयाची जागाही आली. मात्र संस्थात्मक कोटा आणि अभिमत विद्यापीठं यांना ही सवलत नाही. अशा मुलीच्या घरी आता जवळचं खासगी की लांबचं शासकीय, हा प्रश्न नव्यानं मांडावा लागेल. म्हणून मी म्हणतो, शेजारच्याची यादी उतरवू नका.

पैशानंतर पाहायचं ते रुग्णालय. इमारत, बाग, कॅन्टीन यांचे फोटो पाहून भुलू नये. डॉक्टर घडतो तो पेशंटच्या खाटेजवळ. १०० जागांच्या महाविद्यालयाला ४०० हून अधिक खाटांचं रुग्णालय हवं, असा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचा २०२३ चा निकष आहे. त्या खाटा भरलेल्या असतात का, हे मात्र स्वतः पाहावं. एखाद्या सकाळी ओपीडीच्या रांगेत तासभर बसावं, आपोआप कळतं. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांच्या चौकात आहे, तिथं अपघातांचे रुग्ण येणारच. सातपुड्यातून सिकलसेलचे येतात, पावसाळ्यात शेतांतून सर्पदंशाचे येतात. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं, पण शिकणाऱ्याला हेच उपयोगी पडतं.

नवं कॉलेज की जुनं, असाही प्रश्न येतो. जुन्यात अनुभवी प्राध्यापक, पदव्युत्तर विभाग, मोठं ग्रंथालय मिळण्याची शक्यता जास्त. नव्यात काही जागा रिकाम्या असतात, काही इमारती बांधून व्हायच्या असतात. पण गर्दी कमी असल्यानं विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं काम करायला लवकर मिळू शकतं. तिथं शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना विचारावं. प्राध्यापक वर्गावर येतात का? आंतरवासितेचं विद्यावेतन वेळेवर मिळतं का? शासकीय कॉलेजात शिक्षणानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवाही असते. तिच्या अटी आधी वाचाव्यात.

काही कॉलेजांचा स्वभावच वेगळा असतो. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झालं. तिथं खादी वापरायची, गाव दत्तक घ्यायचं, ही शिस्त. एके काळी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. आता प्रवेश नीटनंच होतो, पण कॉलेजचा स्वभाव कळल्याशिवाय नाव लिहू नये.

माझ्यासारख्या कवीला भाषेचा मुद्दा सोडवत नाही. शिक्षण इंग्रजीत, पण पेशंट काही इंग्रजीत कण्हत नाही. आपल्याकडची म्हातारी ‘पोटमा दुखी ऱ्हायनं’ म्हणते, तेव्हा अहिराणी कळणाऱ्या डॉक्टरला ती दोन गोष्टी जास्त सांगते. जवळच्या कॉलेजचा हा एक फायदा. लांबच्या कॉलेजचा फायदा असा, की दुसरी बोली कानावर पडते. गोंदियात माझी भाची झाडीबोली ऐकायला शिकली. आता फोनवर म्हणते, ‘मामू, तुमच्यापेक्षा जास्त बोली येतात मला.’ मी ते निमूट मान्य करतो.

आणखी एक गोष्ट आहे. तिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही, पण बोललं पाहिजे. आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. तिनं आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्या दिवसापासून आपल्या भागातल्या आयांच्या मनात भीती बसली आहे. त्यावर उपाय मुलींना घरी बसवणं हा नाही. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कॉलेजात समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, तक्रार कुणाकडे करायची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. आणि घरच्यांनी फोनवर ‘किती मार्क पडले’ याच्या आधी ‘कशी आहेस’ असं विचारावं.

एक सावधगिरीची सूचना. ‘इतके भरा, सीट पक्की’ असं सांगणारे लोक या दिवसांत भेटतात. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश द्यायला बंदी करणारा कायदा १९८७ चा आहे. संस्थात्मक कोट्यातली जागासुद्धा नीट दिल्याशिवाय, पात्र ठरल्याशिवाय मिळत नाही. जी जागा तुमच्या क्रमांकानं मिळणारच होती, तिचेच पैसे हे लोक घेतात. नाही मिळाली, तर फोन उचलत नाहीत.

आणि एमबीबीएसच्या यादीत नावच आलं नाही तर? नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीचे प्रवेश होतात. युनानीचं कॉलेज तर जळगावलाही आहे आणि अक्कलकुव्यालाही. पण हे अभ्यासक्रम ‘उरलंसुरलं’ म्हणून घेऊ नयेत. त्या शास्त्रात मन असेल तरच घ्यावेत. पुन्हा एक वर्ष परीक्षा द्यायची असेल, तर ते मुलानं ठरवावं, बापाच्या इभ्रतीनं नाही.

मित्रहो, यादी संगणकावर भरण्याआधी साध्या वहीच्या कागदावर लिहा. प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहा: साडेपाच वर्षांचा एकूण खर्च, रुग्णालयातली गर्दी, जाण्यायेण्याची वाट आणि वसतिगृहाची माहिती. मग ती यादी घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. प्रत्येक नावाला थांबून मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न विचारा, ‘इथं नंबर लागला तर तू आनंदानं जाशील का?’ उत्तर ‘हो’ असेल तर नाव ठेवा, ‘नाही’ असेल तर खोडा. दोन नावांत ‘कुठलं जास्त आवडेल?’ असं विचारत क्रम लावा. या कामाला एक संध्याकाळ पुरते. तिथं राहून शिकायचं त्या मुलालाच आहे, तेव्हा त्या संध्याकाळी शेवटचा शब्दही त्याचाच असू द्या.